दगडी फ्लॉरेन्समधली हिरवळ : कोणती बाग, कोणत्या महिन्यात, कोणत्या दाराने

फ्लॉरेन्सच्या जुन्या गावात झाड शोधावं लागतं. दुओमो हे मुख्य चर्च, सिन्योरिया चौक, पोन्ते वेक्यो पूल या सगळ्या भागात पायाखाली दगडी फरशी आणि दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती. जुलैतल्या दुपारी ही फरशी तापली की बरोबरची मुलं आणि म्हातारी माणसं तासाभरात थकतात. बागा आहेत आणि भरपूर आहेत. पण त्या भिंतींच्या आड आहेत, टेकडीवर आहेत किंवा नदीकाठाने दूर पसरल्या आहेत. चालता चालता त्या सापडत नाहीत, ठरवून गाठाव्या लागतात. बहुतेक जण तीन दिवस संग्रहालयांच्या रांगेत घालवतात आणि या शहराचा हिरवा भाग न बघताच परततात. तसं होऊ नये म्हणून हा लेख, आणि त्यातही शेवटच्या बागेसाठी. तिथे कोल्हापूरच्या एका राजाची छत्री आहे.

आधी महिना ठरवा

आपल्याकडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि फ्लॉरेन्सचा बहर यांची वेळ छान जुळते. एप्रिलच्या मध्याला बार्दिनी बागेतल्या मांडवावर विस्टेरियाचे जांभळे घोस लटकतात. एप्रिलच्या अखेरीपासून साधारण २० मेपर्यंत आयरिसच्या फुलांची बाग उघडी असते आणि मे महिनाभर गुलाब. एकच आठवडा मिळणार असेल तर मी मेचा पहिला आठवडा निवडेन. विस्टेरिया तोवर ओसरलेला असतो, पण गुलाब आणि आयरिस एकाच टेकडीवर, एकाच सकाळी बघून होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचं झालं तर दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी आठ ते अकरा बाग, मग संग्रहालय किंवा खोली, आणि सहानंतर पुन्हा बाहेर. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांब मिळते. उन्हाळ्यात डासही खूप असतात, ओडोमॉस घरूनच घेऊन जा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबर धरावा. नोव्हेंबरमध्ये पाऊस जास्त आणि पाच वाजेस्तोवर अंधार.

मग नकाशा डोक्यात बसवा

आर्नो नदी गावातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. दक्षिण काठाला ओल्त्रार्नो म्हणतात, म्हणजे आर्नोपलीकडचा भाग. तिथे टेकडी लगेच सुरू होते आणि बोबोली, बार्दिनी, गुलाबांची बाग, आयरिसची बाग या चारही त्या टेकडीच्या उतारावर ओळीने आहेत. उत्तर काठावर वनस्पतिशास्त्राची जुनी बाग आणि तिच्याही वर फळा-फुलांच्या संस्थेची बाग. पश्चिमेला नदीला लागून काशिने नावाचं लांबलचक उद्यान. शहराबाहेर उत्तरेला, पूर्वी इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या वाड्यांच्या बागा. दक्षिणेची टेकडी एका दिवसात होते, काशिनेला अर्धा दिवस लागतो, उरलेलं सवडीप्रमाणे.

दारावरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून चार शब्द पाठ करा : ‘जार्दिनो’ म्हणजे बाग, ‘अपेर्तो’ उघडं, ‘क्यूझो’ बंद, आणि ‘इंग्रेस्सो लीबेरो’ म्हणजे फुकट प्रवेश. बसमध्ये आणि ट्राममध्ये बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून तिकीट काढता येतं. माणशी एक कार्ड लागतं हे आधी लक्षात ठेवा, आणि चढल्याबरोबर टेकवा. विनातिकीट सापडलात तर दंड चांगलाच बसतो.

बोबोली : कुठून शिरायचं, कुठून निघायचं

सकाळी सव्वाआठला दार उघडतं, तेव्हा तिथे असा. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी बाग बंद असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असते, पण त्या दिवशी गर्दीही तशीच. एरवीचं तिकीट सुमारे १० युरो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही देशाच्या नागरिकाला मोफत, फक्त मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवा. हिवाळ्यात साडेचारलाच बंद होते, उन्हाळ्यात सातच्या आसपास, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी. दर आणि वेळा बदलतात, निघण्याच्या आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ बघून घ्या.

बोबोली म्हणजे पित्ती महालाची मागची बाग. कोसिमो मेदिचीची बायको एलेओनोरा दि तोलेदो हिने १५४९ साली हा महाल विकत घेतला आणि निकोलो त्रिबोलो याच्याकडे बागेची आखणी सोपवली. तो वर्षभरातच गेला. मग अम्मानाती, वासारी, बुओन्तालेन्ती अशा एकामागून एक कलावंतांनी ती पुढे नेली. सर्वसामान्यांना ती पहिल्यांदा खुली झाली १७६६ साली.

महालाच्या चौकातून शिरलात की समोर घोड्याच्या नालेच्या आकाराचं मोकळं रंगस्थळ लागतं. इथे दोन मिनिटं थांबा. ही खोलगट जागा मुळात दगडाची खाण होती. महालाच्या भिंतींचा दगड इथूनच काढला आणि उरलेल्या खड्ड्याचं हे रंगस्थळ केलं. मधोमध इजिप्तमधला प्राचीन दगडी स्तंभ आहे, आणि त्याच्यापुढची ग्रॅनाइटची मोठी कुंडी रोमहून आणलेली.

इथून सरळ वर चढा. नेपच्यूनचं तळं ओलांडून आणखी वर गेलात की डोंगराच्या कडेवर कावालिएरे नावाची छोटी बंदिस्त बाग लागते, गुलाब आणि पिओनीच्या फुलांची. चढ दमवणारा आहे, पण इथपर्यंत याच. मागे वळून बघितलं तर सगळं शहर असतं. पण या बागेच्या कठड्यावरून दुसऱ्या बाजूला, दक्षिणेला बघा : ऑलिव्हची झाडं, सरूचे उंच सुळके, मधेच एखादं पिवळसर घर. शहराची वेस इतकी जवळ आहे हे इथे आल्याशिवाय कळत नाही.

खाली उतरायला ‘व्योत्तोलोने’ नावाचा सरूच्या झाडांचा रुंद रस्ता धरा. दुतर्फा सरू, मधे मधे पुतळे, आणि उतार असल्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी काठी बरोबर ठेवावी. हा रस्ता ‘इझोलोत्तो’ला, म्हणजे गोल तळ्यातल्या बेटाला जाऊन मिळतो. बेटावर जाम्बोलोन्याने घडवलेल्या समुद्रदेवाचा पुतळा आहे. तिथे आता नक्कल उभी आहे, मूळ पुतळा बार्जेल्लो संग्रहालयात. बेटावर आणि आसपास मातीच्या मोठ्या कुंड्यांत लिंबू-संत्र्याच्या जातीची झाडं असतात. थंडी पडली की या कुंड्या एका लांब इमारतीत नेऊन ठेवतात आणि वसंतात परत बाहेर काढतात. ती इमारत, लिमोनाया, इथून जवळच आहे आणि १७७०च्या दशकात बांधलेली आहे.

आता पुन्हा पित्तीकडे चला, कारण बुओन्तालेन्तीची गुहा तिथे कोपऱ्यात आहे. भिंतींवरून दगड वितळून ओघळल्यासारखे दिसतात आणि त्या ओघळांतून मेंढ्या, मेंढपाळ, माणसं बाहेर येतात. चार कोपऱ्यांत मायकेलअँजेलोचे अर्धवट घडवलेले बंदिवान उभे होते. मूळ पुतळे आता अकादेमिया संग्रहालयात आहेत आणि इथे नकला. गुहेचं आतलं दार ठरावीक वेळीच उघडतात, ती वेळ शिरतानाच तिकीटखिडकीवर विचारून ठेवा आणि बाकीची फेरी त्याप्रमाणे बसवा. जवळच कासवावर बसलेल्या ढेरपोट्या माणसाचं कारंजं आहे. तो कोसिमोच्या दरबारातला बुटका मोर्गान्ते. मुलांना संपूर्ण बागेतलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

पायवाटा खडीच्या आहेत, बाबागाडी आणि व्हीलचेअर फार चालत नाही. आत डबा उघडून बसता येत नाही, पाण्याची बाटली मात्र हवीच. सगळं नीट बघायला अडीच तास धरा.

बार्दिनी : वरून शिरा

बोबोलीच्या वरच्या बाजूला बेल्वेदेरे किल्ल्याकडचं दार आहे. ते उघडं असेल तर तिथून बाहेर पडून कोस्ता सान जोर्जो या उतरत्या गल्लीतून बार्दिनीच्या वरच्या दाराशी पाच-दहा मिनिटांत पोचता. याच गल्लीत गॅलिलिओचं घर आहे. वरून शिरण्याचा फायदा असा की सगळी बाग उतरत बघता येते आणि खालच्या दाराने थेट नदीजवळ निघता येतं. खालून शिरलात तर तोच उतार चढायचा.

स्तेफानो बार्दिनी हा जुन्या वस्तूंचा मोठा व्यापारी होता. त्याने १९१३ साली ही जागा घेतली. नंतर बराच काळ ती दुर्लक्षित राहिली आणि दुरुस्तीनंतर २००५ साली लोकांसाठी उघडली. विस्टेरियाच्या मांडवाखाली उभं राहिलं की घोसांच्या चौकटीत दुओमोचा घुमट येतो. एप्रिलच्या त्या दोन आठवड्यांत तिकीट आधी काढा आणि शक्यतो सकाळच्या पहिल्या तासात जा. एरवी ही बाग बोबोलीपेक्षा पुष्कळ शांत असते आणि ज्यांना एकच सशुल्क बाग बघायची आहे, चालणं कमी हवं आहे, त्यांना मी बोबोलीऐवजी हीच सुचवते.

गुलाब, आयरिस आणि त्यांच्यावरची टेकडी

हा भाग फुकट आहे, दोन्ही बागांत. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. राजधानीला शोभेल असं शहर हवं म्हणून जुझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाकडे काम दिलं. त्याने उत्तर काठावरचा जुना तट पाडून तिथे रुंद रस्ते केले, आणि दक्षिणेच्या टेकडीवरून झाडांच्या सावलीतला वळणावळणाचा रस्ता काढला. त्या रस्त्यावरचा मोठा सज्जा म्हणजे पियाझ्झाले मिकेलान्जेलो. गुलाबांची बागही त्याचीच, १८६५ची.

सान निकोलो भागातून पायऱ्या चढून जा, किंवा चढ नको असेल तर स्टेशनवरून १२ किंवा १३ नंबरची बस धरून वर पियाझ्झालेला उतरा आणि बागेत खाली या. मेमध्ये शेकडो जातींचे गुलाब फुललेले असतात, आणि मधे मधे बेल्जियन कलावंत जाँ-मिशेल फोलाँ याची शिल्पं, त्याच्या पत्नीने शहराला भेट दिलेली. एका कोपऱ्यात छोटी जपानी बाग आहे, ती क्योतोहून आलेली भेट. हिरवळीवर बसायला कुणी हरकत घेत नाही. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी सान्त’आम्ब्रोजो मंडईतून ‘स्क्याच्चाता’ नावाचा चपटा, तेल लावलेला पाव, पेकोरिनो चीज आणि टोमॅटो घेऊन ठेवा आणि इथे बसून खा. मंडई रविवारी बंद असते, आणि बहुतेक दिवशी दुपारी दोननंतरही. शाकाहारी असाल तर ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांस नको, असं स्पष्ट सांगा, आणि पावात ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, आहे का ते विचारा.

आयरिसची बाग पियाझ्झालेच्या पूर्वेला, ऑलिव्हच्या झाडांखाली आहे. शहराच्या चिन्हावर जे लाल फूल दिसतं, त्याला सगळे लिली म्हणतात, पण ते खरं तर आयरिस. आधी हे चिन्ह लाल पार्श्वभूमीवर पांढरं फूल असं होतं. १२५१ साली विरोधी पक्षाला हाकलून दिल्यावर विजयी पक्षाने रंग उलटे केले. गंमत अशी की आयरिसमध्ये खरा लाल रंग निसर्गात नाही. या बागेत १९५०च्या दशकापासून आयरिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, आणि त्या चिन्हासारखं लाल फूल तयार व्हावं ही तिच्यामागची जुनी इच्छा आहे. तपकिरी-लाल, विटकरी, वाइनच्या रंगाचे आयरिस बघत फिरताना ती इच्छा कुठवर आली ते डोळ्यांना दिसतं.

सूर्यास्ताला सगळे पियाझ्झालेवर गर्दी करतात. तुम्ही आणखी दहा मिनिटं चढून सान मिनियातो चर्चच्या पायऱ्यांवर जा. देखावा तोच, आणि बसायला जागा मिळते. उतरताना पोज्जीच्या उतारमार्गांनी या. तिथली कारंजी बरीच वर्षं कोरडी होती, ती २०१९ साली पुन्हा सुरू झाली.

उत्तर काठ, थोडक्यात

सान मार्को चौकाजवळची ‘जार्दिनो देई सेम्प्लिची’ ही विद्यापीठाची बाग. ‘सेम्प्लिची’ म्हणजे औषधी वनस्पती. कोसिमोने ती १५४५ साली सुरू केली आणि पिसा, पादोवा यांच्या पाठोपाठची ही जगातली सर्वांत जुन्या वनस्पतिशास्त्रीय बागांपैकी एक. १७२० साली पिएर आन्तोनियो मिकेली याने लावलेला यू वृक्ष अजून उभा आहे. आयुर्वेदाची, वनौषधींची आवड असणाऱ्यांनी इथे तास काढावा. बाकीच्यांनी वगळली तरी चालेल.

तिथून उत्तरेला अर्ध्या तासावर ‘ओर्तिकुल्तूरा’ची बाग आहे, लोखंड आणि काचेच्या १८८० सालच्या मोठ्या हरितगृहासाठी बघण्यासारखी. २५ एप्रिल ते १ मेच्या सुमारास तिथे रोपांचं प्रदर्शन भरतं. लहान मुलं बरोबर असतील तर पियाझ्झा द’आझेल्यो लक्षात ठेवा : मोठी झाडं, बाकं, झोपाळे. सान्त’आम्ब्रोजो मंडईपासून चालत सात-आठ मिनिटं.

एक दिवस जास्तीचा असेल तर शहराबाहेर कास्तेल्लोला जा. मेदिची वाड्याची ही बाग त्रिबोलोने १५३८मध्ये सुरू केली, बोबोलीच्याही आधी. इथल्या कुंड्यांत पाचशेच्या वर लिंबूवर्गीय झाडं आहेत. त्यांत ‘बिझार्रिया’ नावाचं एक झाड आहे. त्याच्या एकाच फळात अर्धा भाग महाळुंगाचा आणि अर्धा कडू संत्र्याचा असतो. प्रवेश फुकट, सोमवारी जाऊ नका. उत्तरेला आणखी लांब प्रातोलिनोला तळ्याच्या काठी, माणसाच्या रूपात बसलेल्या अपेनीन पर्वताचा प्रचंड पुतळा आहे, तो जाम्बोलोन्याचा. ते उद्यान उन्हाळी महिन्यांतच आणि ठरावीक दिवशी उघडं असतं, त्यामुळे तपासल्याशिवाय निघू नका.

काशिने, आणि तिच्या टोकाची छत्री

मी दर खेपेला शेवटचा अर्धा दिवस याच्यासाठी राखून ठेवते.

काशिने म्हणजे गोठे, दुधदुभत्याचं शेत. मेदिचींच्या काळी इथे गुरं होती, शिकार होती. अठराव्या शतकाच्या शेवटी ते लोकांसाठी खुलं झालं. आज हे शहरातलं सर्वांत मोठं उद्यान आहे, आर्नोला लागून साडेतीन किलोमीटर लांब आणि त्या मानाने अगदी अरुंद. तिकीट नाही, कुंपण नाही. बोबोलीत आखणी दिसते, इथे शहरातली माणसं दिसतात : पळणारी, सायकलवरची, आजोबा-नातवंडं. मंगळवारी सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर मोठा आठवडी बाजार भरतो, कपड्यांपासून चीजपर्यंत सगळं. दुपारी दोनपर्यंत आवरतो. अंधार पडल्यावर मात्र इथे थांबू नका, विशेषतः एकटं.

जायला टी१ ट्राम. स्टेशनजवळच्या आलामान्नी थांब्यावरून दुसराच थांबा काशिने. उतरल्यावर नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत राहा. वाटेत पालाझ्झीना रेआले नावाची जुनी इमारत लागते, आता तिथे विद्यापीठाचा कृषी विभाग आहे. पुढे एक दगडी पिरॅमिड दिसेल, ते पूर्वीचं बर्फघर. मग झाडी दाट होत जाते, माणसं कमी होतात. एकूण तीन किलोमीटरच्या आसपास, रमतगमत पाऊण ते एक तास. चालवत नसेल त्यांनी सायकल भाड्याने घ्यावी, रस्ता सपाट आहे.

उद्यान संपतं तिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात वारले. वय अवघं वीस. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. बरोबरच्या माणसांनी परवानगी मागितली, शहराने ती दिली, आणि दहनासाठी संगम हवा म्हणून ही जागा निवडली गेली. रात्रीच्या अंधारात, शहराच्या वेशीबाहेर, आर्नोच्या काठी चिता पेटली.

चार वर्षांनी, १८७४ साली, तिथे ही छत्री उभी राहिली. चार खांब, वर घुमट, आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा : फेटा, अंगावर दागिने, चेहरा कोवळा. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी बघितला आहे त्यांना हा हात ओळखीचा वाटेल, कारण तो राजवाडाही मँट यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधला. चौथऱ्यावर एकाहून जास्त भाषांत लेख कोरले आहेत. भोवती कठडा आहे, आत जाऊ नका, हार-फुलं न्यायची तर कठड्याबाहेरच ठेवा. प्रकाश सकाळी दहाच्या आत चांगला असतो.

फ्लॉरेन्सच्या माणसाला राजाराम महाराज हे नाव बहुधा माहीत नसतं. वाट विचारायची तर ‘मोनुमेन्तो आल्लिंदियानो’ म्हणा, कुणीही बोट दाखवेल. इंदियानो म्हणजे भारतीय माणूस. १९७०च्या दशकात शेजारी तारांवर तोललेला मोठा पूल बांधला, त्याचंही नाव इंदियानोचा पूल, आणि रोज त्यावरून हजारो गाड्या जातात. रस्त्यावर वाहतूक तुंबली की बातम्यांतही हेच नाव येतं.

परतीला आलेली वाट नको असेल तर या पुलाच्या रस्त्याखालून पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे. त्याने आर्नो ओलांडून डाव्या काठाने शहराकडे या, इझोलोत्तो वस्तीजवळच्या पादचारी पुलावरून पुन्हा काशिनेत उतरा आणि ट्राम पकडा. पण निघण्याआधी छत्रीच्या मागे, पाण्याच्या कडेला जाऊन या. मुन्योनेचं पाणी आर्नोत शिरतं ती जागा तिथून स्पष्ट दिसते.